पाटावरची मुक्कामाची गाडी

करंजमाळ, उमरठच्या वर
१२ जानेवारी २०२५

उस्ताद हैदर यास,
भागोजीचा रामराम.

काल रेंजसाठी टेंबावर चढलो, तर पहिला तुझाच फोटो उघडला. लाल गाडी, घाटाचं वळण, काचेवर ऊन. म्हटलं, ह्या म्हाताऱ्याला परत ड्युटीवर घेतलं की काय! मग खाली वाचलं, 'पुठ्ठ्याची गाडी, घरच्या घरी काढलेला फोटो.' अर्धी नोकरी मी तुझ्या गाडीत तिकिटं फाडली, आणि मलाच खरं-खोटं ओळखता आलं नाही. तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतो आहे.

तुला माहीतच आहे, दरड पडली तेव्हापासून आमच्या वाडीची मुक्कामाची गाडी बंद आहे. रस्ता कधीच नीट झाला. डेपोत विचारलं की उत्तर ठरलेलं: "पॅसेंजर दाखवा, गाडी देतो." पॅसेंजर कुठून दाखवू? सगळे मुंबईला. त्यांना म्हटलं या, तर ते म्हणतात गाडी कुठाय.

आणि तुळसा कळव्याला, मुलाकडे. गुडघ्याच्या औषधाला म्हणून मागच्या शिमग्यानंतर गेली ती गेलीच. फोन केला की एकच वाक्य: "उमरठपास्नं चढान माज्या गुडघ्याला जमायची नाय. गाडी दारात येऊ दे, मंग येन." इथे मी दोन वेळा पेज रटारटा शिजवतो आणि कोंबड्यांशी बोलतो. त्या उत्तर देत नाहीत, एवढाच त्यांचा तुळसापेक्षा चांगुलपणा.

तर उस्ताद, मला एक गाडी पाठव. बोर्ड आमच्या वाडीचा कर. मी फोटो काढतो आणि तुळसाला पाठवतो. एकदा ती उमरठपर्यंत आली की पुढचं मी बघतो. पाठीवर बसवून आणीन.

फोनवर ह्यातलं अक्षर काढू नकोस. शरिफाभाबी तुझा फोन स्पीकरवर ऐकते आणि तासाभरात ते कळव्याला पोचतं. चिठ्ठी उमरठहून सुटणाऱ्या सकाळच्या गाडीच्या कंडक्टरकडे दिली आहे, तो महाड स्टँडच्या कँटीनमध्ये ठेवील.

तुझा,
भागोजी


महाड
१९ जानेवारी २०२५

भागोजी मास्तर,
सलाम.

म्हातारपणी बायकोला फसवायला निघालास. जवानीत सुटे पैसे नाहीत म्हणून खोटं बोलायचास, ते काय कमी होतं? खोट्याच्या कपाळी गोटा, हे मी तुला आधीच सांगून ठेवतो. सांगून झालं, आता कामाला लागू.

सकाळच्या गाडीतून आंब्याची पेटी येईल. आत हातभर लांबीची गाडी आहे, खऱ्या गाडीच्या चोविसाव्या हिश्श्याची. बोर्ड 'महाड – करंजमाळ (मुक्काम)'. रंग आपल्या जुन्या गाडीचाच, मागच्या बंपरला तू बाजारात गाडी ठोकायला लावलीस तेव्हाचा पोचासुद्धा ठेवला आहे. तूच शिट्टी मारली होतीस, हे विसरू नकोस. आत दिवाळीच्या माळेतले चार बारके दिवे बसवलेत, सेल टपावर आहे.

त्याच पेटीत स्टुडिओ आहे. हसू नकोस. दूध पावडरच्या डब्यात बल्ब बसवलाय, तो तुझा सूर्य. पुठ्ठ्याच्या चौकटीला बेकरीचा बटर पेपर चिकटवलाय, तो सूर्याच्या पुढे धरायचा म्हणजे ऊन डोळ्यात खुपत नाही. मासेवालीकडून आणलेलं थर्माकोलचं झाकण गाडीच्या दुसऱ्या बाजूला उभं कर, ते सावलीत थोडा उजेड परत टाकतं. मी तीन वेळा धुतलंय, तरी बांगड्याचा वास येईल. फोटोत वास येत नाही.

गाडी ओटीच्या कडेला पाटावर ठेव, म्हणजे मागे तुमचा खरा पार आणि खरं चिंचेचं झाड येईल. गाडी जवळ, झाड लांब, मोबाइलला दोन्ही एका मापाची वाटतात. पाटावर माती पसर, पण मैद्याच्या चाळणीनं चाळून. नाहीतर खडा धोंड्याएवढा दिसतो. आणि मोबाइल खाली, चाकाच्या उंचीवर. वरून काढलास तर खेळणं दिसेल. गाडीकडे वरून फक्त कावळे बघतात.

शरिफाला सांगितलंय, भागोजीच्या नातवाला खेळणं पाठवतोय. तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तुझा,
हैदर


करंजमाळ
९ फेब्रुवारी २०२५

उस्ताद,
पेटी मिळाली. गाडी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली आणि कामाला लागलो.

पहिल्या दिवशीचे फोटो पाठवले होते, ते तू पाहिलेस आणि नुसता हसण्याचा बाहुला पाठवलास. मित्र असाच असावा. गाडीच्या दोन सावल्या पडल्या होत्या, कारण ओटीवरची ट्यूब मी बंद केलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी ट्यूब बंद केली, सावली एक आली, मी खूश. टेंबावर जाऊन फोटो मोठा करून बघितला तर टपावर वासराएवढा मुंगळा. त्याला सहा पाय होते म्हणून बरं, नाहीतर वासरू म्हणून खपवला असता.

तिसऱ्या दिवशी शेजारची साळूबाई पीठ मागायला आली. मी अंगणात पालथा, गाल मातीला, एका हातात दुधाचा डबा, दुसऱ्या हातात मासळीचं झाकण, आणि तोंडानं गाडीला म्हणतोय, "जरा मागं, आणखी मागं, बस." ती पीठ न घेताच गेली. संध्याकाळी लिंबू आणि भात ओवाळायला घेऊन आली. म्हणाली, "भागोजी, बायको नाय घरात, आसा येकटा माणूस बरा नाय. लागिर हाय तुला." मी मुकाट्यानं ओवाळून घेतलं. भात कोंबड्यांना टाकला, आणि तिथेच घात झाला. भात खाऊन चेकाळलेली तांबडी कोंबडी पाटावर चढली आणि तिनं ड्रायव्हरच्या बाजूचा पत्रा, म्हणजे तुझा पुठ्ठा, पार टोचून काढला. दोन खिडक्या गेल्या. तुझा दरवाजा लोंबतोय.

मला खरंच वाईट वाटतंय. गाडीचं तर वाटतंच, पण परवा तुळसा फोनवर म्हणाली, "शिमग्याला काय मी यायची नाय, तू पालखी नाचवून घे." पहिल्यांदाच असं झालं. आधी निदान 'बघू' म्हणायची. उस्ताद, ही कळव्याची होऊन जाईल.

भागोजी


महाड
१४ फेब्रुवारी २०२५

मास्तर,
कोंबडी खा.

तुला नाचता येईना तर अंगण वाकडं. ट्यूब बंद करायची असते, हे काय वेगळं लिहून द्यायचं? बरं, रडू नकोस. ड्रायव्हरची बाजू गेली तर जाऊ दे, ड्रायव्हरचं असंही कोण बघतं. गाडी फिरवून ठेव आणि पॅसेंजरच्या दाराची बाजू दाखव. बोर्ड पुढचाच आहे, तो थोडा तिरका दिसला की पुरे.

वेळ संध्याकाळची धर. सूर्य डोंगराआड गेला की आभाळात थोडा उजेड राहतो, तेव्हा दहा मिनिटं सगळ्या चुका झाकल्या जातात. तेव्हा आतले दिवे लाव. डब्यातल्या सूर्यापुढे बटर पेपर दुहेरी कर आणि डबा पाऊल-दोन पावलं लांब ने. मुंगळ्यांसाठी पाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेव, जेवणाच्या टेबलाला ठेवतात तशा. मोबाइल हातात धरू नकोस, विटेला टेकव आणि टायमर लाव. तुझा हात दारूवाल्यासारखा हलतो आणि दारू तर तू पीत नाहीस, म्हणजे ते पेजेनं होतंय.

वहिनीचं वाचून मलाही बरं वाटलं नाही. तुमच्या वाडीत मुक्कामाला असायचो तेव्हा तिनं आम्हाला कधी शिळं वाढलं नाही. मी गोश्त नाही म्हणून कुरकुरायचो, तर माझ्यासाठी वेगळं अंडं फोडायची. लवकर काढ फोटो.

हैदर


करंजमाळ
४ मार्च २०२५

उस्ताद,
रमजान मुबारक. आता उपाशीपोटी वाच.

फोटो जमला. तुला पाठवला तो तू पाहिलासच आणि तीन दिवस उत्तर दिलं नाहीस, म्हणजे जळलास. मागे पार, चिंच, जांभळं आभाळ, आणि गाडीच्या खिडक्यांतून पिवळा उजेड मातीवर पडलेला. मी स्वतः विटेपाशी बसून बघत होतो आणि मला वाटलं, आता दार उघडून कोणीतरी उतरेल.

मग टेंबावर जाऊन तुळसाला पाठवला. लगेच फोन. "गाडी आली?" म्हटलं, "आली." एवढं एकच खोटं बोललो, देवाशपथ. तिनं फोन ठेवला. मी उड्या मारत खाली आलो.

पण उस्ताद, ती नुसती येत नाहीये. तिनं तो फोटो कळव्याच्या आमच्या वाडीच्या मंडळात दाखवला. त्यांनी तो भांडुपच्या मंडळात, तिथून दिव्याला. काल टेंबावर गेलो तर मोबाइल थरथर कापत होता. "गाडी सुरू झाली म्हणे!" "मुक्कामाची का?" "मग ह्या शिमग्याला सगळी येतो." तीसेक माणसं, पोरंबाळं, दोन म्हाताऱ्या काठी घेऊन, सगळी तेराला दुपारी पोलादपूर स्टँडला उतरणार आणि संध्याकाळच्या गाडीत बसणार. कुठल्या गाडीत? पाटावरच्या?

एका बायकोला पाठीवर घेईन म्हटलं होतं. तीस माणसं कशी घेऊ? तुळसासमोर सगळी वाडी मला खोटारडा म्हणेल, आणि ती त्याच पावली परत जाईल. मग ती कधीच यायची नाही. हा फोटो मीच काढला, हे मला आता सोसवत नाही. काय करू ते कळव. तोवर मी पेजसुद्धा शिजवत नाही.

भागोजी


महाड
९ मार्च २०२५

मास्तर,
तुझी चिठ्ठी वाचून मी इतका हसलो की शरिफा स्वयंपाकघरातून आली. तिनं चिठ्ठी हातातून काढून घेतली, वाचली, आणि म्हणाली, "मला काय, गाडी नेली तवाच कळलं व्हतं. नातवाच्या खेळण्याला मुक्कामाचा बोर्ड कशाला?" मग तीही हसली. आता ऐक.

काल मी डेपोत गेलो. रोजा होता, त्यामुळे खोटं बोलायचं नाही एवढं मनाशी पक्कं करून गेलो. साहेब नवीन आहेत, पण रिटायर ड्रायव्हरला खुर्ची देतात. मी म्हटलं, "साहेब, शिमग्याला करंजमाळची तीस माणसं पोलादपूरला उतरणार आहेत. तुम्ही पॅसेंजर दाखवा म्हणत होता, हे घ्या." साहेब म्हणाले, "बघू." नेहमीचंच. मी उठायला लागलो, तेवढ्यात त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "उस्ताद, बसा. तुम्ही जुने जाणकार. ही गाडी कुठल्या डेपोची, सांगा बरं."

तुझा फोटो. भागोजी, तुझा फोटो साहेबांच्या मोबाइलवर.

"बोर्ड बघा," साहेब म्हणाले. "महाड–करंजमाळ. आणि आमच्याकडे नोंद नाही. शेजारच्या डेपोवाल्यांनी आपल्या हद्दीत गाडी घुसवली की काय?"

मी म्हटलं, "साहेब, मी रोजेदार माणूस, खरं सांगतो. ही गाडी कुठल्याच डेपोच्या रजिस्टरात सापडायची नाही."

"म्हणजे चोरून चालवतात!"

मी गप्प. गप्प राहणं खोट्यात धरत नाहीत, मी शरिफाला विचारून घेतलंय.

"आणि पॅसेंजर पळवतात!" साहेब उभे राहिले. "तीस माणसं म्हणालात ना? आपली माणसं, आपला रस्ता, आणि गाडी दुसऱ्याची?"

मी म्हटलं, "रस्ता आपलाच आहे साहेब. त्यावर मी स्वतः चालवलीय." हेही खरं.

पुढे काय होईल ते अल्लाला ठाऊक. साहेबांनी कोणाला तरी फोन लावला आणि मला जायला सांगितलं. मी हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही. पण तू तेराला पोलादपूर स्टँडवर जाऊन उभा राहा. पळून जाऊ नकोस. गाडी नाहीच आली तर सगळ्यांसमोर माझं नाव घे, म्हण पुठ्ठा हैदरचा. आणि पेज शिजव. उपास माझे चालू आहेत, तुझे नव्हे.

हैदर


करंजमाळ
१७ मार्च २०२५

हैदरभाऊंना तुळसाचा नमस्कार. शरिफाभाबीलाही सांगा.

ही चिठ्ठी मी ह्यांच्या नकळत लिहिते आहे. सातवी शिकलेली आहे, तेवढं येतं.

गाडी आली. तेराला आम्ही सगळे पोलादपूरला उतरलो, तर हे स्टँडच्या खांबाला धरून उभे. चेहरा असा, जणू कोणाला पोचवून आलेत. मंडळाची माणसं विचारायला लागली, "काका, गाडी किती वाजता?" हे नुसते घाम पुसत होते. आणि तेवढ्यात आली. लाल, आपला बोर्ड लावलेली. हैदरभाऊ, ह्यांनी पुढे होऊन गाडीला हात लावून बघितला. दोनदा लावला. मग म्हणाले, "चला, बसा बसा," आणि स्वतःच सगळ्यांच्या पिशव्या आत टाकायला लागले, नोकरीत कधी टाकल्या नाहीत तशा.

आता खरं सांगते. तुमच्या चिठ्ठ्या मला इथे फडताळात सापडल्या, पण मला तर फोटो बघताक्षणीच कळलं होतं. तुम्ही एवढा घाट घातलात, सावल्या नीट केल्यात, पण गाडीचं तोंड वाडीकडे आणि पाठ रस्त्याकडे! मुक्कामाची गाडी कधी अशी लावतात का? किती वर्षं मी चुलीपाशी बसून ऐकलंय, आधी तुम्ही गाडी वळवून लावणार, मागच्या चाकाला दगड, मग हातपाय धुऊन जेवायला. सकाळी बॅटरी बसली तर उतारावर ढकलता यायला हवी ना! एक ड्रायव्हर आणि एक कंडक्टर, आणि दोघांनाही ते दिसू नये. मी कळव्याच्या खोलीत तोंडात पदर कोंबून हसले. सून विचारायला लागली, आई काय झालं.

मग मीच तो मंडळात दाखवला. मुद्दाम. माणसं आल्याशिवाय गाडी येत नाही आणि गाडी आल्याशिवाय माणसं येत नाहीत, हे इतकी वर्षं चाललं होतं. कोणीतरी आधी खोटं बोलायला हवं होतं, ते तुम्ही केलंत. मी फक्त पुढे ढकललं.

आणि गुडघ्याचं म्हणाल तर तो दिवाळीपासूनच बरा आहे. कळव्याला चौथ्या मजल्यावर लिफ्ट नाही, रोज चढत होते. पण वर्षभर हे फोनवर सांगायचे, कोंबड्या बऱ्या आहेत, कौलं बरी आहेत, साळूबाई बरी आहे. एकदा तरी म्हणावं ना, तू ये, मला करमत नाही! नाही म्हणाले. मग मीही गाडीचं धरून बसले. त्या फोटोच्या खाली मात्र ह्यांनी लिहिलं होतं, 'आता ये. करमत नाही.' गाडी खोटी होती, पण ते खरं होतं, एवढं मला कळतं. त्याच दिवशी पिशवी भरली.

ह्यांना ह्यातलं काही सांगू नका. मी फसले असं वाटून ते फार खुशीत आहेत. तुमच्यासाठी अंडी पाठवते आहे. तांबडीची आहेत.

तुमची वहिनी,
तुळसा


करंजमाळ
११ एप्रिल २०२५

उस्ताद,
ईदचा शिरखुर्मा पोचला. बरणी तुळसानं धुऊन ठेवली आहे, ती परत मिळेल अशी आशा धरू नकोस.

गाडी शिमग्यापुरती म्हणून दिली होती. शिमगा झाला, पालखी बसली, गाडी अजून येते आहे. बंद करायची कोणाला आठवण झालेली नाही आणि आम्ही करून देत नाही. उलट साळूबाईनं शाळेतल्या पोरांना धरून पास काढायला लावले. मंडळातली दोन घरं परत गेलीच नाहीत, भातशेतीपर्यंत राहणार म्हणतात.

तुळसा बिचारी भोळी. अजून तिला पत्ता नाही. गुडघाही इथल्या हवेनं चांगलाच सुधारला आहे, काल तर साळूबाईच्या माडीवर चढली. रोज संध्याकाळी गाडी आली की ओटीवर येऊन बघते आणि म्हणते, "आगदी फोटोत व्हती तशीच हाय." परवा म्हणाली, "फोटोत जरा बुटकी दिसत व्हती." मी पाणी पिण्याच्या निमित्तानं आत गेलो. तू म्हणतोस त्या गोट्याची वाट बघतोय, तो काही पडत नाही, आणि न पडलेला गोटा जास्त लागतो.

म्हणून ठरवलं, सांगून टाकायचं. चिडली तर चिडू दे, पण जिच्यासाठी गाडी आणली तिच्याशीच खोटं बोलून रोज तिच्या हातचं जेवायचं, हे मला जमेना. काल मुक्कामाचे ड्रायव्हर-कंडक्टर आमच्याकडे जेवायला होते. दोघंही पोरगेलेसे, पहिल्यांदाच आलेले. तुळसा वाढत होती. मी म्हटलं, "तुळसा, त्या गाडीचं तुला एक सांगायचं हाय."

ती म्हणाली, "गाडीचं ऱ्हाऊ दे."

"आगो, पण ऐक तरी."

"गाडीचं मला ठावं हाय ते पुष्कळ हाय. त्या फोटोखाली काय लिवलं व्हतंस, ते बोल. हितं, तोंडानं."

मी म्हटलं, पाव्हणे जेवताहेत.

"जेवू दे की. त्यांना काय बहिरं समजतंस?"

उस्ताद, मी भर बाजारात शिट्टी मारून गाड्या थांबवल्या, पण असा घाम मला कधी फुटला नव्हता. ती भाताचा डाव हातात धरून उभीच. भात कोणाच्याच पानात पडेना. ड्रायव्हर-कंडक्टर दोघांनी जेवण थांबवलं आणि माझ्याकडे बघायला लागले.

त्यांच्यासमोरच म्हणालो. मग तिनं भात वाढला.

भागोजी